गगननगरचा सगळ्यात जुना प्रवासी

मी हिरालाल. गगननगर विमानतळाच्या डिपार्चर गेटसमोर माझं किराणा दुकान आहे. आधीच सांगून ठेवतो, लिहायला बसलो की मी पुस्तकी लिहितो, पण डोकं फिरलं की घरची बोली तोंडातून निघते. आणि मधुकररावांविषयी लिहायचं म्हणजे डोकं फिरणारच. या माणसानं माझा चांगला चाललेला धंदा बुडवला. पण त्याच्याविषयी लिहायला गावात दुसरं कोणी तयार नाही, आणि लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मधुकरराव पेशाने प्रवासी. हसू नका. कोणी मास्तर असतो, कोणी कंडक्टर असतो, तसे मधुकरराव प्रवासी होते. सकाळी आंघोळ, देवपूजा, धुतलेला पांढरा शर्ट, गळ्यात दुपट्टा, हातात कंपनीनं दिलेली निळी सूटकेस. गेटमधून आत जायचं, सामान पट्ट्यावर ठेवायचं, बेल्ट काढायचा, बेल्ट घालायचा, आणि काचेच्या हॉलमधल्या खुर्चीवर जाऊन बसायचं. दुपारपर्यंत रीता, म्हणजे काउंटरवरची पोरगी, माईकवर सांगायची की विमान लेट आहे. मग मधुकरराव उठून तिच्याशी भांडायचे. संध्याकाळी विमान रद्द व्हायचं आणि प्रवासी आपापल्या घरी जायचे. असं वर्षानुवर्षं चाललं. विमान मात्र एकदाही आलं नाही.

आता हे असं कसं झालं ते सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हिरालालनं भांग घेतली.

अल्लीपूर आणि वडनेरच्या मधल्या काळ्याभोर वावरांवर, म्हणजे शेतांवर, कोण्या एका कंपनीची नजर पडली. म्हणे, आता शहरं रेल्वे स्टेशनभोवती नाही वसत, नदीकाठी नाही वसत, ती विमानतळाभोवती वसतात. आधी विमानतळ, त्याच्याभोवती गोदामं, हॉटेलं, दवाखाने, घरं. त्या शहराचं नाव गगननगर. गावागावात सभा झाल्या, पडद्यावर चित्रं दाखवली. चित्रात गोरी माणसं काचेच्या इमारतीत कॉफी पीत होती आणि मागं इथल्याच एका शेतकऱ्याचा, नानाजीचा, बैल दिसत होता, तो काढायचा राहून गेला होता.

सगळे सह्या करायला उठले, तेव्हा मधुकरराव मधेच उभे राहिले. चार एकराचा माणूस, पण त्याच्या वावरासारखं वावर त्या शिवारात नव्हतं. माती अशी की चप्पल घालून आत गेलात तर चप्पल तिथंच ठेवून बाहेर यावं. ते म्हणाले, "साहेब, माह्या वावरातून इमान उडनार असन तं घ्या. पन दहा वर्सात मानसं बसलेलं एकबी इमान नाई उडालं, तं वावर वापस पाह्यजे. साऱ्याइचं."

कंपनीचे लोक हसले. दहा वर्षं म्हणजे केवढी! त्यांनी हसत हसत ती अट करारात घातली, आणि खाली आणखी एक ओळ घातली की विमानात बसणारा माणूस गगननगरात राहणारा असावा, कंपनीचा नोकर चालणार नाही. ही ओळ मधुकररावांनीच घालायला लावली. "नाईतं तुमी तुमचाच मानूस बसवान," असं तोंडावर म्हणाले.

धावपट्टी झाली. मधुकररावांचं वावर बरोबर तिच्या मधोमध आलं. काचेची इमारत झाली. चार-चार मजल्यांच्या बिल्डिंगा झाल्या. वावरवाल्यांना एकेक फ्लॅट मिळाला. मी हिंगणघाटचा गाळा विकून इथं दुकान घेतलं, कारण भूपेंद्रनं मला सांगितलं की शेटजी, रोज हजारो प्रवासी. भूपेंद्र म्हणजे कंपनीचा मॅनेजर, नागपूरचा पोरगा, बोलायला मध, टाय कायम. फक्त विमानं आली नाहीत. कोणत्याच विमान कंपनीला वडनेरला उतरायचं कारण सापडेना.

इकडं फ्लॅट विकायचे होते. पुण्याहून, नागपूरहून गिऱ्हाइकं यायची, एअरपोर्ट बघायची आणि विचारायची, माणसं कुठं आहेत? एकदा तर एका बाईनं चकचकीत हॉलमध्ये एक कुत्रं झोपलेलं बघितलं आणि टोकन परत मागितलं. त्या दिवशी भूपेंद्रच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. रोजीनं प्रवासी ठेवायचे, पण कागदावर नोकर म्हणून कोणाचंच नाव नाही. वावर गेलेले लोक रिकामेच बसले होते. त्यांना सूटकेसा वाटल्या, दोन-दोन कोट वाटले, आणि सांगितलं की फक्त जायची वाट बघा.

बाकीच्यांना ते जमेना. चंद्रभान आत जाऊन सरळ आडवा व्हायचा आणि घोरायचा. कोणी खुर्चीवर मांडी घालून पत्ते पिसायचा. पण मधुकरराव! बाप्पा, काय तो प्रवासी! ते घड्याळ बघायचे, उसासा टाकायचे, सूटकेसवर हात ठेवून डुलकी घ्यायचे, आणि विमान रद्द झालं की असे तापायचे की खरे प्रवासी काय तापतील.

"काऊन रद्द झालं? कालबी रद्द, आजबी रद्द! मानसाची काई कामं अस्तेत का नाई?" ते काउंटरवर हात आपटायचे.

रीता बिचारी पहिल्या पहिल्यांदा खरंच रडायची. मग त्यांनीच तिला शिकवलं. "बाई, तू माफी मांग, पन माह्याकडं पाहू नको. मोठ्या एअरपोर्टवर मानसाकडं पाहत नसतेत."

सूटकेस वजनदार दिसावी म्हणून ते तिच्यात घरची तुरीची डाळ भरून न्यायचे. त्यांच्या घरच्या डाळीनं वरण व्हायच्या आधी जितका प्रवास केला तितका माझ्या सासऱ्यानं चारधामचाही केला नसेल.

या प्रवाशांवर शहर उभं राहिलं. थट्टा नाही. प्रवाशांना भूक लागायची, म्हणून मधुकररावांची बायको अनुसयाबाई हिनं गेटजवळ पोह्या-आलुबोंड्याचा ठेला टाकला. तिची तर्री, म्हणजे पोह्यांवरचा झणझणीत रस्सा, प्यायला हायवेवरचे ट्रकवाले गाडी वळवून यायचे. प्रवाशांना तंबाखू लागायची, म्हणून पानठेले आले. प्रवाशांना घरी सोडायला ऑटो आले, ऑटोवाल्यांची पोरं शिकवायला शाळा आली, मास्तरांना किराणा लागायचा, तो माझ्याकडून जायचा. रोजी मिळायची ती माझ्या गल्ल्यात यायची, गल्ल्यातून फ्लॅटच्या हप्त्यात जायची, हप्त्यातून पुन्हा रोजी निघायची. जत्रेतला पाळणा फिरतो तसं ते फिरत होतं आणि कोणी उतरायचं नाव घेत नव्हतं. मीही नाही. कशाला उतरू? माझ्या पोरीचं, आचलचं, लग्न याच दुकानावर झालं.

एकदा तर भावना मॅडम नावाच्या एक विदुषी आल्या. विमानतळाभोवतीची शहरं पुढची पन्नास वर्षं टिकतील का, यावर त्यांचा अभ्यास होता. जगभर हिंडून आल्या होत्या आणि सगळीकडं नाराज होऊन परतल्या होत्या. कुठं धूर फार, कुठं आवाज फार, कुठं पाणी नाही. उद्या तेल संपलं तर ही शहरं काय खातील, असं त्या हॉलमध्ये उभं राहून कळवळून विचारत होत्या. मधुकरराव खुर्चीवरून म्हणाले, "मॅडम, इथं तेल फक्त आलुबोंड्याले लागते."

मॅडम दचकल्या. मग त्यांनी यंत्रं लावून आवाज मोजला, धूर मोजला. दोन्ही निघाले नाहीत. प्रवासी जवळचे, पायी येणारे. इंधनाचा खर्च शून्य. रात्रीची झोपमोड नाही. पक्ष्यांना धोका नाही, उलट धावपट्टीवर टिटवीनं अंडी घातलेली. त्या वर्षी गगननगरला आशिया खंडातली सगळ्यात टिकाऊ विमाननगरी म्हणून ढाल मिळाली. भूपेंद्रनं ती काचेच्या पेटीत ठेवली. सत्कारात पहिला हार मधुकररावांना घातला, आणि हार गळ्यात असतानाच त्यांनी विमान लेट का म्हणून रीताला झापलं.

तर असं सगळं सोन्यासारखं चाललेलं. फक्त मधुकररावांची एक खोड होती. संध्याकाळी विमान रद्द झालं की बाकीचे घरी पळायचे, आणि हा माणूस काचेला नाक लावून धावपट्टीकडं बघत उभा राहायचा. मी एकदा चिडून विचारलं, "काय पाहून राह्यले तिकडं? इमान येनार हाय काय?"

"नाई आलं, एक दिवस सरला," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की मला घाम फुटला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गगननगरातले आम्ही सारे विमान यावं म्हणून वाट बघत होतो, निदान तसं दाखवत होतो. हा एकटाच ते न येण्याची वाट बघत होता. जीव तोडून प्रवासी झाला होता तो वावर परत मिळावं म्हणून! खोटे प्रवासी दिसत होते तोवर कंपनीला खरं विमान आणायची घाई नव्हती.

दहावं वर्ष सरत आलं तेव्हा कंपनीलाही ती अट आठवली. वरून भूपेंद्रला फोनवर फोन. वावरं परत गेली तर धावपट्टीच गेली, धावपट्टी गेली तर गगननगर म्हणजे नुसत्या बिल्डिंगा. भूपेंद्रचा टाय पहिल्यांदा सैल झालेला दिसला. त्यानं कुठून तरी एक छोटं विमान भाड्यानं ठरवलं. चार प्रवासी मावतील एवढंच. इथून नागपूर. नागपूरहून चौघं एसटीनं परत येतील. परवानग्या मिळता मिळता मुदतीचा अगदी शेवटचा दिवस हाती उरला.

चौघं कोण? पहिलं नाव मधुकररावांचं. भूपेंद्र म्हणाला, एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला आहे? खरं कारण मला माहीत होतं. अट ज्यानं घातली तोच बसला की उद्या कोर्टकचेरी करायला कोणी उरणार नाही, आणि तोच नाही बसला तर धावपट्टी कोर्टात अडकलीच. दुसरा चंद्रभान, तिसरे म्हातारे नानाजी. चौथा मी. हो, मी. मी स्वतः हात वर केला. माझं दुकान होतं, मी का नाही करणार?

आदल्या दिवशी दुपारी मधुकरराव दुकानात आले. पोत्यावर बसले. बराच वेळ गहू या हातातून त्या हातात ओतत राहिले.

"शेटजी, उद्या मी बसलो, तं वावर गेलं."

"अन् नाई बसले, तं गाव गेलं," मी म्हटलं. "माहं दुकान गेलं. अनुसयाबाईचा ठेला गेला. कोन खाईन तिचे आलुबोंडे, टिटव्या?"

"तेच म्हनून राह्यलो ना. तिले हे गाव मानवलं. वावरात होती तवा सारा जनम कंबर मोडली तिची. आता चार लोक वहिनी वहिनी करतेत. नळाले पानी हाये." त्यांनी गहू परत पोत्यात सोडला. "माह्या एकट्याच्या जिवापायी तिचं कायले मोडू?"

"मंग बसा गुमान इमानात."

"बसतो," ते म्हणाले, आणि इतक्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. मी तिकडं तोंड फिरवलं आणि उगाच साखर तोलायला लागलो. वाईट वाटलं का? वाटलं. पण मी त्यांना थांबवलं नाही, आणि आजही तसाच प्रसंग आला तर थांबवणार नाही. दुकान दुकान आहे.

"अनुसयाबाईले इचारलं काय?" एवढं मात्र मी विचारलं.

"तिले काय इचाराचं? ती नाईच म्हनन. मंग माहे पाय अडकतीन."

त्याच संध्याकाळी भूपेंद्रनं रंगीत तालीम ठेवली, आणि तिथं एक भानगड झाली. इतकी वर्षं रीतानं प्रवाशांना कधी गाव विचारलंच नव्हतं, कारण गाव नव्हतंच. आता नागपूर होतं. भूपेंद्रनं तिला कागद दिला. मी पुढं गेलो, तिनं गोड हसून वाचलं, "सर, कुठं चालले?"

मी जागच्या जागी थांबलो. माझ्या मागं चंद्रभानही थांबला. नानाजींनी तर कपाळावर हात मारला. आमच्याकडं पाय बाहेर काढलेल्या माणसाला कोणी कुठं म्हणून विचारत नाही. विचारलं की काम फिसकटतं, एवढंच नाही तर जिवाचंही बरंवाईट होतं. एकदा का ते कानावर पडलं की घरी परत जायचं, बूड टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग नव्यानं निघायचं. आम्ही चौघं सूटकेसा घेऊन आपापल्या घरी गेलो, पाणी प्यालो आणि परत आलो. भूपेंद्र डोकं धरून बसला होता.

"अरे, पण विमानतळावर हा पहिलाच प्रश्न असतो!" तो ओरडला.

"म्हनूनच इमानं पडतेत," नानाजी म्हणाले.

भूपेंद्र शिकलेला, पण आईबापाच्या हाताखाली वाढलेला. त्यानं माईकवरून सगळ्या नगरात सांगितलं की उद्या कोणीही कोणाला कुठं चालले असं विचारायचं नाही. "लांबचा प्रवास का," असं विचारा. रीतानं ते वाक्य पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी एप्रिलचं ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. बँड होता, मांडव होता, शाळेची पोरं झेंडे घेऊन होती. विमान दुपारी येणार होतं. आलं नाही. लेट होतं. कोणालाही नवल वाटलं नाही. रीतानं सवयीनं सांगितलं, आणि सवयीनं सगळ्यांनी मधुकररावांकडं बघितलं की आता हे भांडतील. ते भांडले नाहीत. सूटकेसवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ते आलं. पांढरं, इवलंसं, मोठ्या आवाजाचं. टिटव्या ओरडत उठल्या. पोरं टाळ्या वाजवायची विसरली. गगननगरात विमान उतरलं होतं, आणि खरं सांगू, आम्हाला थोडी भीतीच वाटली. पायलट उतरला आणि घड्याळ दाखवत म्हणाला, सूर्य बुडायच्या आत उडालं पाहिजे. धावपट्टीचे दिवे आम्ही एका गणपतीत मंडपाला नेले होते, ते परत बसवायचे राहिलेच होते.

"चला चला," भूपेंद्र घाई करू लागला.

आम्ही चौघं हॉलमधून धावपट्टीवर उतरलो. पुढं मधुकरराव. दोन्ही बाजूला सारं नगर उभं. कोणी हार घालत होतं, कोणी हातावर दही ठेवत होतं. विमानाचा पंखा फिरत होता. मधुकररावांचा एक पाय शिडीवर गेला.

तेवढ्यात अनुसयाबाई पुढं आली. हाताला अजून बेसन लागलेलं. ती त्या पंख्याच्या आवाजाच्या वर ओरडली.

"अजी! कुठं चालले?"

बँडवाल्याच्या तोंडातली पिपाणी तोंडातच राहिली. मधुकररावांचा पाय शिडीवरून खाली आला.

"अवं, तू?" ते एवढंच म्हणाले.

"हो, मी. कुठं चालले, सांगा ना! वावर देऊन चालले ना? मले न इचारता?" मग ती आमच्याकडं वळली. "अन् तुमी? चंद्रभानभाऊ, कुठं चालले? नानाजी, तुमी कुठं? शेटजी, तुमी कुठं चालले जी माहं वावर घेऊन?"

एकेकाचं नाव घेऊन विचारलं बाईनं! भूपेंद्र धावत आला. "वहिनी, हे काय केलं! शेटजी, तुम्ही तरी बसा. तुमचं दुकान!"

मला बसायचं होतं. देवाशपथ बसायचं होतं. समोर शिडी, मागं माझं दुकान, पोरीच्या लग्नाची पुण्याई, सगळं डोळ्यांपुढं होतं. पण पाय उचलेना. माझी आई मला शाळेत जाताना कोणी कुठं विचारलं तर चौकटीतून परत आणायची. साठीला टेकलेला मी, आणि माझा पाय त्या शिडीवर चढेना. भूपेंद्रनं गर्दीकडं बघून हात जोडले की दुसरं कोणीतरी या. पण प्रश्न साऱ्या नगरानं ऐकला होता. लोक एकेक पाऊल मागं सरकले.

"घरी जाऊन पाणी पिऊन या पटकन!" भूपेंद्र म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

आम्ही चौघं अनुसयाबाईच्या घरी गेलो, तेच जवळ होतं. बसलो. तिनं माठातून पाणी काढलं. एकच पेला घेतला. तो आधी नानाजींना दिला. नानाजींचं पाणी पिणं म्हणजे काय विचारता, एका घोटाला एक आठवण. मग पेला विसळला, पुसला, चंद्रभानला दिला. मग मला. खिडकीतून ऊन भिंतीवर चढत होतं आणि मी ते चढताना बघत होतो.

"वहिनी, घाई करा," मी म्हटलं.

"पान्याले घाई करू नये शेटजी, ठसका लागते."

शेवटी पेला मधुकररावांच्या हातात आला. ते तो तसाच धरून बसले. "तुले ठेला आवडते म्हनून चाललो होतो वं," ते म्हणाले.

"ठेला मी कुठंबी टाकीन. दोन इटा अन् एक कढई लागते मले," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी काचेले नाक लावून उभे राह्यता, मले दिसत नाई काय? इतक्या वर्सापासून मी पाहून राह्यली. तुमच्यासारखा मानूस वाट पाहून पाहून वाळला, अन् मी काय पोहे खाऊ घालून लोकाइचं कवतिक घेऊ?" आणि ती रडायला लागली. त्यांनी पेला खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत तिचा हात धरला. आमच्याकडं असं कोणी करत नाही. नानाजी छताकडं बघू लागले.

बाहेर विमानाचा आवाज मोठा झाला, मग लांब गेला. रिकामंच उडालं ते. भिंतीवरचं ऊन संपलं होतं. माझं पाणी पोटात गेलं होतं आणि दुकान पाण्यात.

मे सरता सरता कंपनी गेली. भूपेंद्र ढाल घेऊन गेला, रीताला नागपूरच्या एका मॉलमध्ये नोकरी लागली. तिथंही ती लोकांकडं न बघता माफी मागते, असं कळलं. तलाठी येऊन वावरं परत देऊन गेला. सातबाऱ्यावर पीक कोणतं लिहू, असं त्यानं विचारलं तेव्हा चंद्रभान म्हणाला, सिमेंट लिहा, बारमाही. मग चंद्रभाननं डोकं चालवलं. त्याच्या वाट्याची धावपट्टी त्यानं मिरच्या वाळवायला दिली. आसपासच्या गावांतून लोक मिरची, हळद घेऊन यायला लागले. एवढी सपाट, एवढी तापणारी जागा जिल्ह्यात नाही. बाकीच्यांनीही तेच केलं. अर्धे ऑटो त्यावर चालले, माझं दुकानही कसंबसं चाललं.

मधुकररावांना मात्र मिरच्या नको होत्या. त्यांना वावर पाहिजे होतं. सब्बल आणि घन घेऊन ते धावपट्टी फोडायला लागले. लोक हसले. मीही हसलो, मोठ्यानं हसलो, माझा राग गेला नव्हता. चंद्रभाननं रस्त्याच्या कामावरची फोडायची मशीन आणून दिली तेव्हा कुठं एका खाटेएवढा तुकडा निघाला. मधुकररावांनी गुडघे टेकून आत हात घातला.

मुरूम होता. लालसर, खडबडीत मुरूम. आणखी खोल गेले, आणखी मुरूम.

मी भूपेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, काळी माती धावपट्टीखाली चालत नाही शेटजी, ती फुगते. सुरुवातीलाच सगळी उकरून काढली. गेली ट्रकांनी, हैदराबादकडच्या कुठल्याशा बगीच्यांना.

मी ते तसंच सांगितलं. कसं सांगायचं दुसरं? मधुकरराव त्या खड्ड्यात बसले होते. त्यांनी मुठीतला मुरूम खाली सोडला. मग म्हणाले, "इथून जानारं एकच होतं, शेटजी. वावर. मी रोज त्याले पोचवाले येत होतो, अन् ते कवाचंच गेलतं."

त्या दिवशी माझा राग गेला. ज्या माणसावर तो धरावा असा माणूसच त्या खड्ड्यात उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाईनं ठेल्यावरचा सडका भाजीपाला, कांद्याची टरफलं, चहाचा चोथा घमेल्यात भरला आणि त्या खड्ड्यात नेऊन टाकला. शेण आणलं, तळ्यातला गाळ आणला. मग मीही दुकानातला किडका गहू, सडके बटाटे बादलीनं न्यायला लागलो. माझी बायको म्हणाली, तुम्हाला लाज नाही वाटत? म्हटलं, वाटते. आणि बादली उचलली.

श्रावणात एका सकाळी बादली घेऊन गेलो तर दोघं खड्ड्याजवळ उकिडवे बसलेले. मधोमध दोन पानांचं काहीतरी हिरवं निघालं होतं. अनुसयाबाईचा हात सवयीनं पुढं गेला. सारा जन्म निंदण केलेली बाई, तण दिसलं की उपटणारच. मधुकरराव ओरडले, "राहू दे! राहू दे वं!"

"तरोटा हाये तो," मी म्हटलं. "कचरा."

"कचराच हाये," ते म्हणाले. "मुरमात तरोटाबी निघत नसते शेटजी. माती व्हाले लागली."

"चार एकराची व्हाले किती वर्सं लागतीन?"

"माह्या हयातीत नाई होत." आणि ते हसले, त्या काचेसमोर हसायचे तसं नाही, वेगळं.

मग त्यांनी उठून चार काटक्या शोधून आणल्या, आणि अनुसयाबाईनं त्या तरोट्याभोवती कुंपण घातलं, बकरीनं खाऊ नये म्हणून.